चेहरा एक, मान दुसरी

परवा कपाट आवरताना माझं बँकेतलं पहिलं ओळखपत्र सापडलं. साल १९८२. फोटोतला चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढराफटक आणि खाली मान मात्र स्वतःच्या सावळ्या रंगाची! त्या दिवशी आईनं आपल्या हातानं पावडर लावून दिली होती. "तेवढीच जरा उजळ दिसशील," असं म्हणाली होती.

नुकतीच नोकरीला लागलेली माझी भाची फोटो पाहून खो खो हसली. मग तिनं पर्समधली फाउंडेशनची बाटली काढली. पाहते तो काय, तिच्या रंगापेक्षा चांगली दोन छटा उजळ! बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांत डबा जाऊन बाटली आली, चूक तीच.

"दुकानात मनगटावर लावून बघितलं होतं गं मावशी."

तिथंच फसगत होते. मनगटाच्या आतली कातडी उन्हापासून लपलेली, त्यामुळे चेहऱ्यापेक्षा उजळ. त्यात दुकानातले ते झगमगीत दिवे. खरं म्हणजे जबड्याच्या कडेवर, जिथं चेहरा संपून मान सुरू होते तिथं, दोन-तीन छटांचे पट्टे ओढावेत आणि दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात आरसा धरावा. दहा मिनिटं थांबावं, कारण काही फाउंडेशनं वाळल्यावर गडद होतात. जो पट्टा दिसेनासा होतो तो आपला. आम्ही चेकवरची सही नमुना सहीशी ताडून बघत असू. इथं नमुना म्हणजे आपली मान. पिवळसर झाक असलेल्या कातडीवर गुलाबी झाकेची छटा लावली तर चेहरा राखेसारखा दिसतो, हेही ध्यानात ठेवावं.

बाकीचं सोपं आहे. आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, ते जिरू द्यायचं आणि मग मटाराच्या दाण्याएवढं फाउंडेशन. ते मधून कडेकडे पसरत न्यायचं. घामावर पावडर थापू नये. त्याचे थर होतात. आधी रुमालानं टिपावं, चोळू नये. काजळाची कांडी मैत्रिणीला देऊ नये, मैत्रीण कितीही जिवलग असो. आणि रात्री सगळं धुतल्याशिवाय उशीला डोकं टेकू नये.

माझी दुसरी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. वीसेक वर्षं मी कपाळाच्या त्याच जागी चिकटवायची टिकली लावत होते. पुढे तिथं खाज येऊ लागली. मी दुर्लक्ष केलं. एका सकाळी टिकली काढली तर खाली तेवढाच गोल पांढरा डाग! मी काय करावं? त्याहून मोठी टिकली लावली. वर्षभर डाग वाढत गेला, तशी टिकलीही वाढत गेली. ऑफिसात बायका म्हणायच्या, "काय ठसठशीत कुंकू शोभतंय तुम्हांला!"

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सांगितलं, काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असतं; ते रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारतं. खाज आली तेव्हाच टिकली थांबवायला हवी होती. मलमानं बराचसा रंग परत आला, थोडा राहिला तो राहिलाच.

दवाखान्यातून घरी येताना रिक्षात मला हसावं की रडावं कळेना. जन्मभर उजळ होण्यासाठी पावडर थापली, साय-हळद चोळली. आणि रुपयाएवढी जागा खरोखर पांढरी झाली तेव्हा देवाला विनवत होते, माझा काळा रंग मला परत दे.

भाचीला मी हे पहिल्यांदाच सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "पण त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द आता काढलाय की." काढला खरा, २०२० साली. आमच्या घराण्यातल्या बायकांच्या डोक्यातून काढायला आणखी किती वर्षं लागतील कोण जाणे. विनालेबलाच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये तर पारासुद्धा सापडतो, मूत्रपिंडं बिघडवणारा.

उघडलेली बाटली दुकानदारानं अर्थातच परत घेतली नाही. मग एक गडद छटा आणून दोन्ही तळहातावर मिसळल्या. रविवारी सकाळी ती खिडकीशी उभी राहिली, मान वळवून म्हणाली, "मावशी, कुठपर्यंत लावलंय सांग."

मी चष्मा पुसून पुन्हा लावला. तरी दिसेना.