ओमानची वाट पाण्याच्या हिशेबाने

मोटारसायकलवर तंबू बांधून ओमानमध्ये आठवडाभर हिंडायचा बेत करणारं जोडपं सहसा आधी ठिकाणांची यादी करतं. जेबेल शम्सची दरी, वादी शाबचं हिरवं पाणी, शर्कियाचं वाळवंट, निझवाचा किल्ला. मग त्यांना जोडणारे रस्ते, मग मुक्काम. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत मस्कतला पोचतं. दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला तर हत्ताजवळची सीमा ओलांडून स्वतःची गाडी घेऊन येता येतं. मुख्य रस्ते उत्तम आहेत आणि उघड्यावर तंबू ठोकायला बहुतेक ठिकाणी कुणी हरकत घेत नाही. इतकं सगळं सोयीचं असताना यादीपासून सुरुवात व्हावी यात नवल नाही. तरीही ही सुरुवात चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. दोन माणसं आणि एक दुचाकी असा प्रवास असेल, तर ओमान पाण्यापासून आखायला घ्यावा. ऋतू, वाट, मुक्कामाची जागा आणि तिथली वागण्याची रीत, हे सगळं त्यातूनच ठरत जातं. यादी शेवटी करावी, आणि ती पहिल्या यादीपेक्षा लहान निघेल हे गृहीत धरावं.

मस्कतला वर्षभरात सरासरी १०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातही याच्या चौपट पडतो. देशात बारमाही म्हणावी अशी मोठी नदी नाही. उन्हाळ्याची कल्पना यावी म्हणून एक नोंद पुरेशी आहे: २६ जून २०१८ रोजी मस्कतच्या आग्नेयेला किनाऱ्यावरच्या कुरियातमध्ये रात्रीसुद्धा पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नाही. म्हणून तंबूचा प्रवास ऑक्टोबरअखेर ते मार्च एवढ्यातच करावा. पण त्या दिवसांतही दुपारी रस्त्यावरची हवा चांगलीच तापते. मोटारसायकलवर वाऱ्यामुळे घाम लगेच सुकतो आणि आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही. हवा त्वचेहून गरम झाली की वारा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. जाकीट उघडून गाडी हाकणाऱ्याला सुखावल्यासारखं वाटतं, पण त्याच्या अंगातलं पाणी अधिकच वेगाने जातं. अशा वेळी जाकिटाची चेन लावून ठेवावी, आतला सदरा ओला करावा आणि तासाला एकदा थांबून प्यावं. मागे बसलेल्या माणसाचं काम इथे मोठं असतं. पुढचा गप्प झाला, चिडचिड करू लागला, डोकं दुखतंय म्हणाला, तर ती पाणी कमी पडत असल्याची पहिली खूण असते, आणि ती त्याला स्वतःला ओळखता येत नाही. जोडीने जाण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो.

आता वजन पाहू. एक लिटर म्हणजे एक किलो. उघड्यावर राहणाऱ्या माणसाला पिणं, स्वयंपाक आणि तोंड धुणं धरून दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. दोघांचे दोन दिवस धरले तर वीस-चोवीस लिटर होतात. नव्या हिमालयनसारख्या मोटारसायकलचं वजन १९६ किलो. तिच्यावर दोन माणसं, तंबू, झोपायच्या पिशव्या, चूल, कपडे, आणि त्यावर ही चोवीस किलोंची भर. हा भार मागच्या पेटीत उंचावर ठेवला तर पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर गाडी हातात राहत नाही. म्हणून पाणी खाली, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, शक्य तितकं पुढे ठेवायचं. इतकं करूनही अशी गाडी मऊ वाळूत चालवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणजे पाणी पुरेसं घेतलं की काही वाटा आपोआप बंद होतात, आणि त्या वाटा धरल्या तर पाणी पुरेसं नेता येत नाही. दुचाकीवरचा प्रवासी या पेचातून सुटत नाही. त्याने तो आधीच कागदावर सोडवायला हवा.

इथवर पाणी नसण्याचा विचार झाला. ओमानमध्ये पाण्यापायी जीव जातो तो मात्र बऱ्याचदा पाणी असल्यामुळे. उत्तरेला मुसंदमपासून रास अल हद्दपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पसरलेला हजर पर्वत जवळजवळ उघडा खडक आहे. एका बाजूला जुन्या समुद्रतळाचे चुनखडीचे थर, दुसऱ्या बाजूला महासागराच्या तळाखालचा काळपट खडक, जो पाहायला जगभरचे भूशास्त्रज्ञ इथे येतात. माती नाही, गवत नाही, पाणी धरून ठेवणारं काही नाही. आपल्या सह्याद्रीत पावसाचं पाणी माती, मुळं, पालापाचोळा यांत अडतं आणि हळूहळू ओढ्यात येतं. हजरमध्ये एका डोंगरावर तासभर कोसळलेला पाऊस जसाच्या तसा घळीत उतरतो आणि वीस-तीस किलोमीटर खाली, जिथे आभाळ निळं आहे, तिथे भिंतीसारखा येऊन धडकतो. या कोरड्या पात्रांना तिथे वादी म्हणतात, आणि दरीत शिरणारा रस्ता बहुधा याच पात्रातून जातो. तंबूसाठी सर्वांत मोहाची जागाही हीच असते: सपाट, मऊ रेती, कडेला झाडाची सावली. अनुभवी माणूस तिथे आधी झाडाकडे पाहतो. फांद्यांत अडकलेला काडीकचरा, ओंडके, प्लास्टिक डोक्याच्या उंचीवर दिसलं, तर पूर कुठवर येतो ते कळलं. तंबू त्या रेषेच्या बराच वर, बाजूच्या उंचवट्यावर हवा, मग तिथे दगड टोचले तरी चालतील.

यावर कुणी म्हणेल की आता हवामानाचे इशारे फोनवर येतात, एवढं भ्यायचं कशाला? इशारे येतात आणि ते पाहिलेच पाहिजेत. पण जून २००७ मधल्या गोनू चक्रीवादळात ओमानमध्ये पन्नासच्या आसपास माणसं गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन वादळाने अल खबुरा भागात एका दिवसात कित्येक वर्षांचा पाऊस ओतला. एप्रिल २०२४ मध्ये कुठलंही चक्रीवादळ नसताना समद अल शान इथे शाळकरी मुलं असलेली गाडी पुरात वाहून गेली आणि मुलं दगावली. ही माणसं तिथलीच होती, रस्ते त्यांच्या रोजच्या पायाखालचे होते. शिवाय खोल दरीत फोनला रेंज नसते, म्हणजे इशारा नेमका हवा तिथे पोचत नाही. रस्ता वादी ओलांडतो तिथे ओमानी सरकारने खोली दाखवणारे लाल-पांढरे खांब उभारले आहेत, आणि वाहत्या वादीत गाडी घालणं हा कायद्याने गुन्हा आहे. भरलेल्या दुचाकीला तर गुडघाभर वाहतं पाणीही आडवं करतं. पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबायचं. पूर जसा झपाट्याने येतो तसा बऱ्याचदा काही तासांत ओसरतोही.

याच पर्वताच्या पायथ्याशी पाण्याची एक वेगळी बाजू दिसते, आणि मला ती या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची वाटते. ओमानमध्ये आजही सुमारे ३,००० फलज वाहते आहेत. डोंगराच्या पोटात किंवा वादीच्या पात्राखाली पाणी धरायचं, अगदी अल्प उताराच्या भुयारातून किंवा उघड्या पाटातून ते किलोमीटरच्या किलोमीटर आणायचं आणि गावातल्या खजुराच्या बागांना द्यायचं, अशी ही व्यवस्था. त्यांतल्या पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. निझवाचा दारिस आणि बिरकत अल मौझचा खतमीन प्रवाशाच्या सहज वाटेवर आहेत. भुयारी फलजावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी भोकं असतात. छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरची नहर-ए-अंबरी ज्याने पाहिली आहे त्याला ती लगेच ओळखू येतील. तंत्र एकाच कुळातलं आहे. वाटपाची रीत पाहिली तर धुळ्याकडची पांझरेवरची फड पद्धत आठवते. तिथे पाटकरी ठरलेल्या पाळीने पाणी फिरवतो, तसं इथे प्रत्येक घराचा हिस्सा वेळेत मोजला जातो. दिवसा सूर्याच्या सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून ही वेळ ठरवायची जुनी रीत आहे. काही हिस्से लिलावाने विकले जातात आणि तो पैसा फलजाच्या डागडुजीला लागतो.

तंबूवाल्या जोडप्याने हे जाणून घ्यायचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. फलजाचं पाणी गावात शिरतं तिथे सर्वांत वर पिण्याची जागा असते. त्याखाली मशिदीची, मग अंघोळीची, आणि शेवटी शेतं. वरच्या टप्प्यावर भांडी घासली, साबण लावला, धुळीने माखलेले बूट बुडवले, तर ती घाण सगळ्या गावाच्या तोंडी जाते. मिस्फत अल अब्रियीनसारख्या गावात पाट माणसांच्या घरांतून आणि बागांतून जातो. तिथे पाहुण्याने पाटाच्या कडेने हळू चालावं, कपडे अंगभर असावेत, बायकांच्या अंघोळीच्या जागेजवळ रेंगाळू नये आणि तंबू गावापासून दूर लावावा. उघड्यावर राहण्याची मोकळीक या देशात टिकून आहे ती मुख्यत्वे तिथल्या लोकांच्या औदार्यावर. ज्या जागांवर कचरा साठला, आवाज वाढला, तिथे नगरपालिकांचे नियम आणि दंड येणारच, आणि यायलाच हवेत.

पाणी वाहून नेण्याच्या या हिशेबावरही एक रास्त आक्षेप आहे. आज प्रत्येक गावात दुकान आहे, पेट्रोल पंपावर बाटल्या मिळतात, मशिदींच्या बाहेर थंड पाण्याचे नळ सर्वांसाठी खुले असतात. मग वीस-वीस लिटरचा हिशेब कशाला? खरं आहे. मस्कत ते सूर या सुमारे २०० किलोमीटरच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर कुणी तहानेने मरणार नाही. पण ही सोय पाण्याचा हिशेब करायचं कारण काढून घेत नाही, तो फक्त सोपा करते. दिवसभर दोन-तीन लिटर जवळ ठेवायचे आणि दुपारी चार वाजता मुक्कामाआधीच्या शेवटच्या दुकानात डबे भरायचे. म्हणजे जड गाडी शेवटचे दहा-वीस किलोमीटरच चालवावी लागते. मात्र ते शेवटचं दुकान कुठलं, हे सकाळीच ठाऊक हवं. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, हेही त्याच हिशेबात धरावं. आणि त्या शेवटच्या टप्प्यात चाक पंक्चर होऊन तीन तास उन्हात बसावं लागलं तर पुरेल एवढं पाणी वेगळं, न मोडता ठेवायचं.

चारचाकीवाल्यांचा आक्षेप याहून जोरकस आहे. फोर बाय फोर गाडीत शंभर लिटर पाणी, सावली आणि गारवा सगळंच मिळतं, मग दुचाकीचा अट्टाहास का? वाळूच्या बाबतीत त्यांचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. शर्कियाचं वाळवंट, ज्याला वहिबा असंही म्हणतात, सुमारे १२,५०० चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथले वाळूचे ढीग शंभर मीटरपर्यंत चढतात. तिथे एकट्या फोर बाय फोरनेही जाऊ नये, निदान दोन गाड्या असाव्यात. दुचाकीवरच्या जोडप्याने बिदियापर्यंत डांबरी रस्त्याने यावं, गाडी तिथे लावावी आणि वाळवंटातल्या एखाद्या छावणीच्या पिकअपमधून आत जावं. यात कमीपणा काहीच नाही. उलट पायी फिरलं की जे दिसतं ते चाकावरून दिसत नाही. १९८० च्या दशकात रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या मोहिमेने या वाळूत दीडशेच्या आसपास वनस्पती आणि अनेक प्रकारचे कीटक नोंदवले. त्यांतलं घाफ हे झाड म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. तिची मुळं तीस मीटरपर्यंत खोल जाऊन पाणी शोधतात. म्हणून सरपणासाठी तिची फांदी तोडणं हा माझ्या लेखी या प्रवासातला सर्वांत मोठा अपराध आहे. पाऊसच नसलेल्या जागी ते झाड पुन्हा कधी वाढणार? तिच्या अगदी बुंध्याशी झोपूही नये, कारण उंटांच्या गोचिड्या तिथेच असतात.

दऱ्यांच्या बाबतीत मात्र दुचाकी मुळीच उणी पडत नाही. जेबेल शम्सच्या कड्यावर, सुमारे हजार मीटर खोल वादी नखरच्या तोंडाशी, मोटारसायकल पोचते. अल खितैमपासून कड्याच्या पोटातून जाणारी पायवाट एका ओस पडलेल्या वस्तीपर्यंत नेते. तिथे खडकाच्या छत्राखाली पाझरणाऱ्या एका झऱ्यावर काही कुटुंबं जगली, दगडी पायऱ्यांची शेतं कसली. कड्यावर इतकी माणसं राहिली ती तिथे पाणी होतं म्हणून, आणि मुक्कामाची जागा निवडताना हा नियम अजूनही लागू आहे. हिवाळ्यात तिथे रात्री पारा शून्याजवळ येतो, म्हणजे पाणी कमी लागतं पण पांघरूण जास्त. वादी शाबला पुलाखालून छोट्या होडीने पलीकडे जायचं, तासभर चालायचं आणि मग अरुंद फटीतून पोहत आतल्या धबधब्याशी. गाडी आणि सामान मागे सोडावं लागतं, म्हणून हा दिवस सूरमधल्या एखाद्या खोलीतून करणं शहाणपणाचं.

या हिशेबाने चाललं तर काही ठिकाणं सुटतात. जेबेल अख्दरच्या चढावर बिरकत अल मौझला पोलिसांची चौकी फक्त फोर बाय फोर गाड्या सोडते. तिथे स्थानिक चालकाची गाडी करावी आणि मोटारसायकल खाली, खतमीन फलजाच्या गावात ठेवावी. निझवाहून सलालापर्यंतचा वाळवंटी रस्ता, जो हैमावरून जातो, तो मात्र मी तरी पहिल्या प्रवासात वगळायला सांगेन. तिथे जिद्दत अल हरासीसचं माळरान आहे. रानातून नामशेष झालेला अरबी ओरिक्स हा हरणासारखा प्राणी १९८२ मध्ये तिथे पुन्हा सोडला गेला. पुढे त्याच्यासाठीचं राखीव क्षेत्र नव्वद टक्के कापलं गेलं आणि २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीतून काढून टाकलेलं ते पहिलं ठिकाण ठरलं. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर तिथलं गवत जगतं, आणि तिथले हरासीस लोक पूर्वी पाण्याविना महिनोन् महिने उंट-शेळ्यांच्या दुधावर राहत. अशा माळावर दोन माणसांच्या मोटारसायकलने शेकडो किलोमीटर सपाट उन्हात काढण्यात जोखीम जास्त आणि पाहणं कमी आहे. सलाला पाहायचं असेल तर मस्कतहून विमान आहे, आणि तिथे दुसरी गाडी भाड्याने मिळते.