सिस्टर नोकरी का सोडतात?

चंडीगडच्या सेक्टर १२ मधील पीजीआय हे उत्तर भारतातील गंभीर रुग्णांचे मोठे आशास्थान. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर येथून रुग्ण येतात. नाव होते ते डॉक्टरांचे. रात्रभर रुग्णापाशी जागते ती परिचारिका. रुग्णाचा श्वास वाढला, रक्तदाब उतरला, हे बहुधा प्रथम तिच्याच लक्षात येते. म्हणूनच अनुभवी परिचारिका निघून गेली की नुकसान रुग्णाचे होते.

ती का जाते? पगार हे एक कारण आहेच. लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस २०१६ साली केंद्राच्या समितीला करावी लागली. सरकारी नोकरी आणि परदेश यांची ओढही असते. पण पगार तोच असूनही एका वॉर्डातून बदलीचे अर्ज येत राहावेत आणि शेजारच्या वॉर्डातून कोणी हलू नये, असे घडते तेव्हा कारण वॉर्डाच्या प्रमुखाच्या वागण्यात शोधावे लागते.

महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत या प्रमुखाला परिसेविका म्हणतात, तिच्या वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन.

तीन तऱ्हा

कर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली मुलांच्या गटांवरील प्रयोगांतून नेतृत्वाच्या तीन तऱ्हा मांडल्या: हुकूम सोडणारे, सर्वांना विचारात घेणारे आणि सारे वाऱ्यावर सोडणारे. वॉर्डात त्या ड्यूटीच्या तक्त्यावरूनही ओळखता येतात. लागोपाठ नाइट कोणाला, दिवाळीची सुट्टी कोणाला, मुलाच्या परीक्षेच्या वेळी ड्यूटी बदलून मिळते का, यावर घरचे गणित अवलंबून असते. चूक झाली तर इन्चार्ज सिस्टर नातेवाइकांसमोर झापतात की बाजूला घेऊन समजावतात, हेही तितकेच महत्त्वाचे.

अर्थात, रुग्णाचे हृदय बंद पडते तेव्हा चर्चेला वेळ नसतो. तेथे हुकूमच हवा. पण तोच सूर दिवसभर राहिला, की माणसे तुटतात.

टिकवणारी रुग्णालये

अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा असतानाही काही रुग्णालये त्यांना टिकवून होती. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी ४१ रुग्णालये निवडण्यात आली. तेथील प्रमुख परिचारिका सहज भेटत, ऐकून घेत आणि निर्णयांत सर्वांना सामील करून घेत.

मात्र गोड बोलणे हा मनुष्यबळाला पर्याय नव्हे. लिंडा एकन यांच्या २००२ मधील अमेरिकी अभ्यासात, एका परिचारिकेमागे रुग्ण वाढले तसा तिचा थकवा आणि असमाधानही वाढलेले आढळले.

सरकारी नोकरी सहसा कोणी सोडत नाही. तेथे आधी मन निघून जाते, मग लांबच्या रजेचे अर्ज येतात. असा अर्ज हाती आला की त्यावर सही करण्यापूर्वी मेट्रनबाईंनी त्या सिस्टरला समोर बसवून एवढेच विचारावे, "काय होतंय?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.