रेझिनचा रंग नजरेनं नको, काट्यावर करा

फणसवाडी (गिरगाव) : आपल्याकडं बचत गटातल्या बऱ्याच महिला आता रेझिनच्या पणत्या, किचेन, नावाच्या पाट्या करतात. माल चांगला असतो, पण तोच रंग दुसऱ्यांदा करायचा म्हटलं की घोळ होतो. आमच्याच घरी झाला. हळदीकुंकवाच्या वाणासाठी चाळीस करंड्यांची ऑर्डर होती. पहिले वीस अबोली झाले, पुढचे वीस चक्क गुलाबी. निम्मेच पैसे हातात आले.

फणसवाडीत माझी चुलत बहीण चाळीतल्या खोलीत हेच काम करते. गेल्या महिन्यात तिच्याकडं गेलो, तेव्हा तिला विचारलं. "दादा, तुम्ही फवारणीचं औषध अंदाजानं ओतता का? मग रंग कशाला ओतायचा?" म्हणाली.

गिऱ्हाईक रंग सांगतं साडीचा. अबोली, मोरपंखी, चिंतामणी, आमसुली. बाटल्या मात्र लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या, काळ्या. तिच्या वहीत 90 ग्रॅम मालासाठी अबोलीचा हिशोब असा आहे : पांढरा 3 ग्रॅम, पिवळा अर्धा, लाल 0.3. लाल किंचित जास्त पडला की गुलाबी, आमचं तेच झालं होतं. त्यामुळं सोनाराकडं असतो तसला छोटा काटा लागतोच. रंगाची कंपनी बदलली की हिशोब पुन्हा नव्यानं करायचा. आमसुलीसाठी ती लालात थोडा निळा घालते, काळा अगदी काडीच्या टोकावर. काळ्यानं रंग मरतो.

फिक्या रंगात गडद घालायचा, उलटं केलं तर पांढरा संपेस्तोवर रंग फिका होत नाही. रंग आधी रेझिनमध्ये कालवायचा, हार्डनर शेवटी, कारण तो पडला की घड्याळ सुरू होतं. रेझिन-हार्डनरचं प्रमाण बाटलीवर असेल तेच. कुठं 2:1 असतं, कुठं 3:1, आणि ते वजनानं की मापानं हेही तिथंच वाचायचं. सगळी ऑर्डर एका रंगाची असेल तर हार्डनर न घालता रंगीत रेझिन एकदमच करून ठेवायचं.

रंग शंभराला पाचाच्या पुढं नको, माल नीट वाळत नाही, चिकट राहतो. पाण्यात कालवायचे रंगही नकोत. काही जणी हळद घालतात. दिसते छान, पण हळदीचा रंग उजेडानं उडतो.

पातेलीतला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, म्हणून बाटलीच्या झाकणात थोडं ओतून एक दिवस थांबायचं. गिऱ्हाइकाला ते झाकण दिवसाच्या उजेडात दाखवायचं, ट्यूबलाइटखाली नव्हे. पावसाळ्यात दमट हवेनं वर पांढरट थर येतो, तेव्हा मोठी ऑर्डर ती घेतच नाही.

हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. कातडीला एकदा खाज सुटायला लागली की पुढं थोड्याशा रेझिननंही सुटते, आणि मग हा धंदाच सोडावा लागतो.

वहीचे फोटो काढून आणलेत. बायको सध्या उतरवून घेतेय.