मेडोज टेलर, शिलावर्तुळें व ब्रिटनचा प्रागितिहास

रोहिणखेडचें नांव आमच्या वाचकांस दोन लढायांमुळें ठाऊक आहे. इ. स. १४३७ त खलफ हसन बसरी या बहामनी सरदारानें खानदेशच्या नासिरखान फारुकीचा येथें पराभव केला, पुढें इ. स. १५९० च्या सुमारास दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहानें जमालखान महदवीस येथेंच गांठलें. खुदावंदखान महदवीनें १५८२ त बांधविलेली मशीद या दुसऱ्या लढाईच्या थोडी आधींची. तवारिखा व इमारती यांचें बोट धरून येथवर सुखानें येतां येतें. त्यापलीकडे कागद संपतो, आणि आमच्यापैकीं पुष्कळांचें कुतूहलहि त्याच ठिकाणीं संपतें. कागद संपला यास इलाज नाहीं. कुतूहल संपावें हें मात्र आम्हांस गैर वाटतें.

या बाबतींत बुलढाणें जिल्ह्याशीं संबंध आलेल्या एका गृहस्थाचें उदाहरण बोधप्रद आहे. ठगांवरील कादंबरीमुळें प्रसिद्ध असलेले मेडोज टेलर यांस १८५७ च्या धामधुमींत या जिल्ह्याच्या कारभारावर तातडीनें धाडण्यांत आलें. फौज मिळणार नाहीं, जिल्हा मात्र राखला पाहिजे, असा हुकूम होता, व त्यांनीं तो राखला. तत्पूर्वीं सुरापूर संस्थानाच्या कारभारावर असतां भीमेच्या आसपास, विशेषतः जेवरगी येथें, त्यांनीं मोठमोठ्या दगडांनीं वेढलेलीं जुनीं थडगीं खणून पाहिलीं होतीं. मायदेशांतील शिलास्मारकांशीं त्यांचें साम्य पाहून ते चकित झाले, व दोन्हीकडचीं स्मारकें केल्ट, ड्रुइड किंवा शक यांपैकीं एखाद्या लोकांचीं असावींत अशा तर्कास लागले.

हा तर्क चुकीचा होता, आणि तो कसा चुकला हेंच सांगण्यासारखें आहे. त्या काळीं खुद्द ब्रिटनमध्येंहि स्टोनहेंज ड्रुइडांचें देऊळ समजलें जाई. कारण उघड आहे. रोमन ग्रंथकारांच्या लेखांत ब्रिटनच्या प्राचीन धर्माधिकाऱ्यांचें तेवढेंच नांव आढळतें. म्हणून जें जें जुनें व अगम्य तें तें ड्रुइडांच्या पदरीं घालण्यांत येई. आपल्याकडे प्रत्येक लेणें पांडवांचें ठरतें, त्यांतलाच हा प्रकार. आज असें निश्चित झालें आहे कीं, स्टोनहेंजचा पहिला खंदक इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षांचा व तेथील प्रचंड शिला इसवी सनापूर्वीं सुमारें २५०० वर्षांच्या आहेत. सीझरनें ड्रुइडांविषयीं लिहिलें तेव्हां त्या शिला उभ्या राहून दोन हजार वर्षें लोटलीं होतीं.

हा उलगडा कोणत्याहि पोथींतून झाला नाहीं. तो जमिनींतून व संग्रहालयांतून झाला. विल्टशायर परगण्यांत विल्यम कनिंग्टन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शेंकडों थडगीं उघडलीं. १८०८ त ‘बुश बॅरो’ या थडग्यांत सांपडलेलें सोन्याचें चौकोनी भूषण डिव्हायझेसच्या संग्रहालयाच्या मालकीचें आहे. कनिंग्टन यांची पद्धति आजच्या कसोटीस उतरणार नाहीं, परंतु त्यांची एक संवय आम्हांस फार आवडते: खणलेल्या थडग्यांत ते आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उमटविलेलें एक लहानसें पदक ठेवून देत, म्हणजे पुढें खणणारास आपल्या आधीं कोणाचा हात येथें लागला तें कळावें. पुढें कोपनहेगनच्या संग्रहालयांत थॉमसेन यांनीं वस्तूंची मांडणी दगड, कांसें व लोखंड या क्रमानें केली, आणि अक्षर नसलेल्या काळासहि आधीं-नंतर लावण्याची सोय झाली.

हीच कसोटी विदर्भास लावून पाहूं. नागपूरच्या आसपासच्या शिलावर्तुळांकडे प्रथम लक्ष देणारांत पाद्री स्टीफन हिस्लॉप होते. १८६३ त टाकळघाट येथील थडगीं पाहून परततांना ओढ्याच्या पुरांत ते बुडाले. त्यानंतर कापसाच्या खात्याचे कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनीं जुनापाणी येथील वर्तुळें उघडलीं, आणि दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांची ब्रिटनमधील तशाच खळग्यांशीं तुलना केली. १९६१-६२ त जुनापाणीचें पुन्हां उत्खनन झालें; पुढें टाकळघाट-खापा, माहूरझरी व नैकुंड येथेंहि झालें. वर्तुळांत लोखंडाच्या कुऱ्हाडी, घोड्याचे अवशेष व त्याचा साज सांपडला. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच निघाली. म्हणजे हीं वर्तुळें लोहयुगांतलीं, इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकांतलीं. स्टोनहेंजशीं त्यांचें साम्य डोळ्यांस दिसतें तेवढेंच. काळाचें अंतर दीड हजार वर्षांहून कमी नाहीं. टेलर यांच्या हातीं हें अंतर मोजण्याचें साधन नव्हतें.

मग टेलर यांस आम्ही कां आठवावें? कारण त्यांनीं थडग्याचा उभा छेद काढून ठेवला: कोणत्या थरांत दगड, कोठें माती, कोठें अस्थि व भांडीं. शंभर वर्षांनीं मॉर्टिमर व्हीलर यांनीं त्या छेदांची वाखाणणी केली. तर्क गेला, छेद राहिला.

पोथ्या जमविणारांस हें चटकन् पटेल. शक, तिथि, गांव व लेखक सांगणारी पुष्पिका फाटली, म्हणजे पोथी कितीहि सुवाच्य असली तरी तिच्याविषयीं बोलतांना जीभ अडखळते. थडग्यांतल्या कुऱ्हाडीची पुष्पिका तिच्यावर नसते, ती भोंवतालच्या मातींत असते. कुऱ्हाड उचलतांच ती पुसली जाते, व उचलणारानें लिहून ठेविली तरच उरते. विदर्भांतील अशा वस्तू आज नागपूरच्या अजबबंगल्यांत आहेत, तशा लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्येंहि आहेत. तेथला एक संग्रह तर दीर्घकाळ दुर्लक्षित राहून अखेर अभ्यासकांसमोर आला. वस्तू दूर गेली याचें आम्हांस वाईट वाटतें. पण चिठ्ठीवांचून जवळ राहिलेल्या वस्तूचें त्याहून अधिक वाटतें.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, रोहिणखेडकडे मशीद पाहावयास जाल तेव्हां नांगराच्या तासांत दिसलेलें खापर खिशांत घालूं नका. तें जेथें पडलें असेल तेथेंच असूं द्या. गांव, शेताचा सर्व्हे नंबर, ओढ्यापासूनचें अंतर व तारीख वहींत टिपा, आणि तें टिपण पुरातत्त्व खात्याकडे धाडा. सोबत कच्चा नकाशा असल्यास उत्तम.