प्रतिकृतीतून प्रतिभेकडे

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात एकाच विषयावरची दोन चित्रे आहेत. दोहोंत आदम आणि ईव्ह आहेत, तेच झाड आहे, तेच निषिद्ध फळ आहे. पहिले चित्र व्हेनिसच्या तिशियनने १५५० च्या सुमारास रंगविले. दुसरे त्या चित्राची प्रतिकृती असून ती १६२८-२९ मध्ये पीटर पॉल रूबेन्सने केली. त्या वेळी रूबेन्स कोणी होतकरू विद्यार्थी नव्हता. वयाची पन्नाशी त्याने ओलांडली होती, युरोपातील राजेरजवाडे त्याच्या चित्रांसाठी खोळंबून राहत आणि स्पेनच्या दरबारी तो आला होता तोही राजनैतिक कामगिरीवर. असा यशाच्या शिखरावर असलेला कलावंत राजा चौथ्या फिलिपच्या संग्रहातील तिशियनच्या चित्रांसमोर महिनोन्‌महिने बसून त्यांच्या प्रती करीत राहिला. मात्र त्याची प्रत निव्वळ प्रत राहिली नाही. आदमची बैठक त्याने बदलली, अंगकांतीत स्वतःची ऊब भरली आणि तिशियनच्या झाडावर नसलेला एक पोपट आणून बसविला.

रूबेन्स त्या दरबारात असताना तेथे राजाच्या पदरी असलेला एकोणतीस वर्षांचा एक चित्रकार हे सारे पाहत होता. त्याचे नाव दिएगो वेलास्केथ. १६२९ मध्ये तो इटलीच्या प्रवासाला निघाला आणि तेथील जुन्या चित्रांचा अभ्यास करून १६३१ मध्ये परतला. उत्तरायुष्यात त्याने सूत कातणाऱ्या स्त्रियांचे जे थोर चित्र काढले, त्याच्या पार्श्वभूमीला एक भित्तिपट टांगलेला दिसतो. त्या पटावरचा देखावा आहे तिशियनच्या ‘युरोपाचे हरण’ या चित्राचा. आणि त्याच चित्राची प्रत रूबेन्सने माद्रिदमध्ये केली होती. गुरूचे ऋण फेडण्याची याहून शालीन रीत क्वचितच आढळेल.

नक्कल की साधना?

कलेच्या क्षेत्रात ‘अनुकरण’ हा शब्द आज जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. चित्रकार स्वयंभू असावा, त्याच्या शैलीवर कोणाचा हात फिरलेला नसावा, अशी एक भाबडी अपेक्षा रसिक बाळगतात आणि पुष्कळदा विद्यार्थीही बाळगतात. वस्तुतः चित्रकलेचा इतिहास नेमकी उलट साक्ष देतो. आपल्याकडे गायनाच्या क्षेत्रात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शागिर्दाने प्रथम गुरूची गायकी गळ्यावर चढवायची आणि मग तीतून स्वतःची वाट काढायची, हा घराण्यांचा शिरस्ता आहे. कुमार गंधर्व बालवयात थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी हुबेहूब उभी करीत. पुढे मुंबईत बी. आर. देवधर यांच्यापाशी त्यांनी रीतसर विद्या घेतली आणि अखेर जी गायकी निर्माण केली, ती इतर कोणाचीही नव्हती. चित्रकाराचे गुरुकुल म्हणजे संग्रहालय. फरक एवढाच, की तेथील गुरू बोलत नाहीत. शिष्यालाच प्रश्न विचारावे लागतात आणि उत्तरेही त्यालाच शोधावी लागतात.

वेलास्केथपासून पुढे ही परंपरा कशी वाहत गेली, हे पाहण्यासारखे आहे. १७७८ मध्ये तरुण फ्रान्सिस्को गोयाने राजसंग्रहातील वेलास्केथच्या चित्रांवरून अम्लरेखने केली. त्यानंतर बावीस वर्षांनी, १८०० मध्ये, त्याने चौथ्या कार्लोसच्या कुटुंबाचे भव्य समूहचित्र रंगविण्यास घेतले, तेव्हा त्या चित्राच्या डाव्या बाजूला, अंधारात, मोठ्या कॅनव्हासमागे त्याने स्वतःला उभे केले. ‘लास मेनिनास’मध्ये वेलास्केथही असाच आपल्या कॅनव्हासपाशी उभा आहे. परंतु वेलास्केथच्या दरबारात जी निश्चल प्रतिष्ठा आहे, तिचा गोयाच्या चित्रात मागमूस नाही. तेथे आहेत ती झगमगत्या वस्त्रांतील सामान्य माणसे. मांडणी गुरूची, दृष्टी मात्र शिष्याची.

१८६५ मध्ये एदुआर मानेने प्रादोत वेलास्केथ पाहिला. त्याच वर्षी पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात त्याच्या ‘ओलिम्पिया’ची मनसोक्त टवाळी झाली होती. त्या चित्राचे बीज तिशियनच्या ‘उर्बिनोची व्हीनस’ या चित्रात होते आणि त्याची प्रत मानेने तारुण्यात फ्लॉरेन्सला केलेली होती. माद्रिदमध्ये त्याला भेटला तो वेलास्केथने रंगविलेला दरबारी विदूषक पाब्लो दे वायादोलिद. या चित्रात ना भिंत आहे, ना जमीन. काळ्या पोशाखातील मनुष्य जणू नुसत्या हवेत पाय रोवून उभा आहे. पुढच्याच वर्षी मानेने बासरी वाजविणाऱ्या एका सैनिकी पोराचे चित्र काढले. त्यातही पार्श्वभूमी जवळजवळ नाहीशी झाली आहे. प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते नाकारले. गंमत अशी, की परंपरेचे रक्षक म्हणविणाऱ्यांनी ज्याला परंपराद्रोही ठरविले, तो त्यांच्यापेक्षा परंपरेच्या अधिक निकट उभा होता.

लूव्ह्रचे दरवाजे

पॅरिसचे लूव्ह्र संग्रहालय १७९३ मध्ये खुले झाले. क्रांतीच्या नव्या कालगणनेत दहा दिवसांचे एक आवर्तन असे. त्यांतील तीन दिवस सर्वसामान्य जनतेसाठी होते आणि इतर दिवसांत चित्रकारांना मुभा होती. संग्रहालय हे प्रथम कलावंताचे अभ्यासस्थान आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती. ती अद्याप लोपलेली नाही. आजही तेथे परवाना घेऊन ईझल मांडता येते आणि जुन्या चित्राची प्रत करता येते. अट एक, की प्रतीचे मोजमाप मूळ चित्राइतके असता कामा नये. बनावट चित्रांना आळा बसावा हा अटीचा व्यावहारिक हेतू. पण तीत एक मार्मिक शिकवणही आपोआप दडली आहे. माप बदलले, की रेषा यांत्रिकपणे उतरविता येत नाही. प्रत्येक अंतर नव्याने तोलावे लागते आणि तोलायचे म्हणजे समजून घ्यावे लागते.

या दालनांतून एद्गार देगा घडला. १८५३ मध्ये त्याने प्रतिकार म्हणून नाव नोंदविले आणि पूसँच्या ‘सॅबाइन स्त्रियांचे अपहरण’ या गुंतागुंतीच्या चित्राची प्रत कित्येक महिने खपून पुरी केली. त्याच्या नर्तिकांच्या चित्रांत क्षणात टिपल्यासारखी वाटणारी जी रचना दिसते, तिच्यामागे ही तालीम उभी आहे. पॉल सेझानने तर आयुष्यभर लूव्ह्रची वारी चुकविली नाही. रूबेन्सच्या एका अवाढव्य चित्रातील जलदेवतांची रेखाटने त्याने पुनःपुन्हा केली. आधुनिक चित्रकलेचा जनक मानला गेलेला हा मनुष्य उतारवयातही वहीपेन्सिल घेऊन जुन्या शिल्पांपुढे बसत असे. १९०५ मध्ये एका तरुण मित्राला लिहिताना त्याने लूव्ह्रला ग्रंथाची उपमा दिली. वाचायला शिकायचे ते या ग्रंथावरून. मात्र पूर्वसूरींची सूत्रे घोकत तेथेच न थांबता निसर्गाकडे जायचे, असा त्या पत्राचा आशय आहे. या संबंध प्रश्नाचे सार त्यात आले आहे.

आक्षेपाची दुसरी बाजू

तथापि दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. एकोणिसाव्या शतकातील कलाशाळांनी प्रतिकृतीचे कर्मकांड केले आणि त्यातून सफाईदार, निष्प्राण चित्रांचे पीक आले, हे खरेच आहे. मारिनेत्तीने १९०९ मध्ये आपल्या भविष्यवादी जाहीरनाम्यात संग्रहालये उद्ध्वस्त करण्याची भाषा केली, ती या घुसमटीतूनच. फ्रान्सिस बेकनचे उदाहरण याहून विचारात पाडणारे आहे. वेलास्केथने १६५० मध्ये रंगविलेल्या पोप दहाव्या इनोसंटच्या चित्राने त्याला झपाटले होते. किंचाळणाऱ्या पोपांची त्याची मालिका त्यातून जन्मली. परंतु हे सारे काम त्याने छापील प्रतिमांवरून केले. १९५४ मध्ये तो रोममध्ये होता. मूळ चित्र त्याच शहरात टांगलेले होते. तरी तो ते पाहावयास गेला नाही. महान कृतीच्या प्रत्यक्ष सान्निध्याचे भय वाटावे, एवढी तिची सत्ता असते. पुढे आपल्या त्या पोपचित्रांविषयी त्याने असमाधानच व्यक्त केले.

मग अभ्यास तारक केव्हा ठरतो आणि मारक केव्हा? याचे उत्तर मुंबईच्या कलेतिहासात सापडते. सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे तेरा वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात राहिले आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रती तयार करवून घेत राहिले. त्या प्रती लंडनला रवाना झाल्या आणि त्यांतील बऱ्याच १८८५ च्या आगीत भस्मसात झाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या प्रतींचीही १८६६ मध्ये हीच गत झाली होती. जे वाचले ते मोलाचे आहे, कारण मूळ भिंतींवरचे कितीतरी तपशील आज पुसट झाले आहेत. परंतु या कामावर राबलेल्या पेस्तनजी बोमनजींसारख्या कुशल चित्रकाराच्या पुढील तैलचित्रांत अजिंठ्याची छाया फारशी आढळत नाही. ती नोंद होती, दुसऱ्याने नेमून दिलेली; शोध नव्हता.

याउलट अमृता शेरगिल. पॅरिसच्या कलाशाळेत शिकलेली ही चित्रकर्ती १९३६ च्या अखेरीस अजिंठ्याला गेली. तिला तेथे कोणी धाडले नव्हते. पाश्चात्त्य तैलरंगात भारतीय माणूस कसा उभा करावा, हा तिचा स्वतःचा प्रश्न होता. १९३७ मधील ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत यांच्या चित्रांतील भरीव आकार, मातकट लाल रंग आणि संथ लय हे त्या भेटीचे फळ होय. पंढरपुरात जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले मकबूल फिदा हुसेन १९४८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात मथुरेची शिल्पे आणि बसोहलीची लघुचित्रे पाहून आले. शिल्पांपासून त्यांनी देहाची ठेवण घेतली, लघुचित्रांपासून रंगांची धिटाई घेतली. दोन्ही उदाहरणांत चित्रकार आपला प्रश्न सोबत घेऊन गुरूकडे गेला. प्रश्नावाचून केलेली प्रत म्हणजे नक्कल; प्रश्न घेऊन केलेली प्रत म्हणजे साधना.

तळहातावरचे चित्र

हा विचार आज पुन्हा करण्याचे कारण असे, की जगातील बहुतेक थोर चित्रे आता तळहातावरच्या काचेत मावतात. खेड्यातील विद्यार्थ्यालाही वेलास्केथ पाहता येतो, ही सोय क्षुल्लक लेखण्याचे कारण नाही. परंतु ‘लास मेनिनास’ सुमारे तीन मीटर वीस सेंटिमीटर उंच आहे. त्याच्यापुढे उभे राहिल्यावर दूरून जी राजकन्येच्या पोशाखावरची नाजूक रूपेरी नक्षी भासते, ती जवळ जाताच कुंचल्याच्या मोकळ्या, जवळजवळ बेपर्वा फटकाऱ्यांत विरघळून जाते. चार पावले मागे सरले, की पुन्हा रेशीम झळकते. वेलास्केथची सारी शैली या चार पावलांत आहे आणि काचेवर नेमकी तीच हरवतात. घोड्यावर बसलेल्या चौथ्या फिलिपच्या चित्रात घोड्याच्या पायांची आधीची ठेवण वरच्या रंगाखालून आजही डोकावते. गुरूही चुकत होता आणि दुरुस्त करीत होता, हा धीर मूळ चित्रच देऊ शकते.

पाहणे आणि रेखाटणे यांतही अंतर आहे. छायाचित्र निमिषात टिपले जाते. रेखाटनाला तास लागतो आणि त्या तासात डोळ्याला असंख्य निर्णय घ्यावे लागतात. सोळाव्या वर्षी, १८९७ मध्ये, पाब्लो पिकासोने प्रादोत बसून वेलास्केथच्या चौथ्या फिलिपची प्रत केली. साठ वर्षांनी, १९५७ च्या उत्तरार्धात, त्याने ‘लास मेनिनास’ची मोडतोड करीत अठ्ठावन्न चित्रांची मालिका रंगविली, ती आज बार्सेलोनात आहे. त्या मोडतोडीत जी हुकमत आहे, ती त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या आज्ञाधारक प्रतीतून सुरू झालेली आहे. ज्याने घर आतून पाहिले आहे, त्यालाच कोणता खांब काढता येतो हे कळते.

महाराष्ट्राला या बाबतीत दारिद्र्याची तक्रार करता येणार नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रे आहेत, शिल्पे आहेत, टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेली युरोपीय तैलचित्रेही आहेत. साताऱ्याजवळच्या औंधला स्वतः कुंचला चालविणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उभारले, ते आडगावच्या माणसालाही उत्तम कला पाहता यावी म्हणून. अजिंठा आणि वेरूळ तर आहेतच. गुरू जागोजाग बसले आहेत. वाण आहे ती त्यांच्यापुढे मांडी ठोकून बसणाऱ्या शिष्यांची आणि त्या शिष्यांना बसू देणाऱ्या व्यवस्थेची. कलाशाळांनी वर्षाकाठच्या एका सहलीवर समाधान मानू नये; विद्यार्थ्याने एकाच चित्रापुढे आठवडेच्या आठवडे काढावेत अशी सोय अभ्यासक्रमात हवी. संग्रहालयांनीही वही घेऊन खाली बसलेल्या मुलाकडे वाटेतील अडथळा म्हणून न पाहता ज्याच्यासाठी हे सारे जतन केले, तो वारस म्हणून पाहावे.

रूबेन्सने तिशियनच्या झाडावर बसविलेला पोपट प्रादोत आजही आहे. मूळ झाड पानापानांनिशी ज्याने समजून घेतले, त्यालाच त्यावर आपला पक्षी बसविण्याचा अधिकार प्राप्त होतो.