कानाला खोटं चालत नाही, महाधमनीला चालतं?

नवापूरच्या बाजारातून हौसेनं घेतलेले झुमके दोन दिवसांत उतरवावे लागतात आणि घरात वाक्य ठरलेलं असतं, ‘हिला खोटं चालत नाही.’ दोषी बहुधा निकेल. घामात ते विरघळतं, त्वचेत शिरतं आणि पुढचं सगळं थक्क करणारं आहे. आपल्या पेशींवर जंतूंची चाहूल घेणारं टीएलआर-4 नावाचं प्रथिन असतं. निकेल त्याच्यावर असं चपखल बसतं की पेशीला वाटतं, जंतूच आला! उंदराच्या टीएलआर-4 मध्ये ही बसायची जागाच नाही. 2010 मध्ये हे उलगडलं.

आता पोटातली महाधमनी. रुंदी साधारण 2 सेंटिमीटर. काहींमध्ये तिची भिंत सैल पडून फुगा येतो. पुरुषांत तो साडेपाच सेंटिमीटरला पोचला की सहसा ऑपरेशन सुचवतात. आइन्स्टाइन 1955 मध्ये असाच फुगा फुटून गेले. 1990 मध्ये ब्यूनस आयर्सला हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून कापडी अस्तर आत सरकवलं. आज त्या अस्तराचा सांगाडा पुष्कळदा निटिनॉलचा असतो. त्यात टायटॅनियम, आणि वजनानं निम्म्याहून जास्त निकेल. बारीक नळीत दाबून बसवलेला हा सांगाडा, नळी मागे ओढताच, शरीराच्या उबेत मूळ आकारात उलगडतो आणि भिंतीला घट्ट टेकतो.

कानाच्या पाळीला न सोसणारं निकेल तिथं जन्मभर राहणार? बहुतेकांना सोसतं. निटिनॉलवर टायटॅनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो निकेलला धरून ठेवतो. सुरुवातीला थोडं झिरपतं, मग तेही ओसरतं. शिवाय त्वचेत पहारेकरी पेशींची जशी दाटी असते, तशी धमनीच्या आत नसते. नवापूर स्टेशनात एक रेघ ओलांडली की महाराष्ट्राचा कायदा संपून गुजरातचा सुरू होतो, तसंच हे.

तरी क्वचित कुणाच्या अंगावर पुरळ उठतं, खाज सुटते. पॅच टेस्टमध्ये निकेल सल्फेट पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात. पण ती त्वचेचं मत सांगते, धमनीचं नाही. नुसत्या त्या निकालावर उपचार नाकारणं मला पटत नाही. स्टेनलेस स्टीलच्या सांगाड्यातही निकेल असतंच. ते पूर्ण टाळायचं तर पोट उघडून कापडी नळी शिवावी लागते, आणि थकलेल्या हृदयाला ते ऑपरेशन जड जातं. म्हणून झुमक्यांची गोष्ट सर्जनच्या कानावर आधीच घालावी. फुगा फुटल्यावर ती विचारायला कुणालाच सवड नसते.