रिकामा पाय, भरलेला पाय

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मी तीसेक वर्षं महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता आणि तिचं एकक ज्यूल, हे फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं आहे की, 'ऊर्जा' हा शब्द कुणी सैलपणे वापरला तर आजही माझा हात खडूकडे जातो. अशा माणसानं ताई ची, ऊर्जासाधना आणि करुणा यांवर बोलावं, हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना गमतीचं वाटेल. पण मला या विषयाकडे कुतूहलानं नेलं नाही, गरजेनं नेलं.

२०१३ साली माझ्या पत्नीला कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं निदान झालं. हात थरथरतो ही गोष्ट लोकांना दिसते. न दिसणारी गोष्ट म्हणजे वळणं. ओट्यापासून फ्रिजकडे वळताना ती दोनदा पडली. सरळ चालताना फारसा त्रास नसे, पण वळायचं म्हटलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्या लागूही पडल्या. तरी आपल्याकडे अशा वेळी सल्ले फार येतात. आमच्या गावातल्या एका ऊर्जोपचार करणाऱ्या गृहस्थांनी सात बैठकांचे अकरा हजार रुपये घेतले आणि 'गोळ्या हळूहळू कमी करा, त्या ऊर्जेच्या वाटेत येतात' असं सुचवलं. तिनं मला न सांगता एक गोळी बंद केली. दोन दिवसांत तिला अंथरुणावर कुशीला वळता येईना. मी त्या गृहस्थांवर चिडलो, त्याहून जास्त स्वतःवर चिडलो, कारण तिला सांगावंसं वाटलं नाही इतका मी तिच्यावर खेकसत होतो.

हे आधीच सांगितलं, कारण पुढे मी ताई चीबद्दल चांगलं बोलणार आहे. ते ऐकताना ही गोळीची गोष्ट कृपया विसरू नका.

आता नावापासून सुरुवात करू. 'ताई ची' मधला 'ची' म्हणजे ऊर्जा, असा बहुतेकांचा समज असतो. माझाही होता. तो चूक आहे. चिनी लिपीत ही दोन अगदी वेगळी अक्षरं आहेत. ताई ची मधल्या अक्षराचा मूळ अर्थ आहे घराचं आढं, छपराच्या सर्वांत उंच रेषेवर असतो तो वासा. त्यावरून सीमा, टोक, पराकोटी असा अर्थ आला आणि 'ताई ची' म्हणजे अखेरचं, सर्वश्रेष्ठ टोक. यिन आणि यांग हे शब्द तर सर्वांच्या कानांवरून गेलेले असतात. यिन म्हणजे मुळात डोंगराची सावलीतली बाजू आणि यांग म्हणजे उन्हातली. आढं एकच, उतार दोन, असं चित्र मी मनाशी धरलं आणि मला ते समजायला सोपं गेलं. पूर्ण नाव ताईचीच्वान. 'च्वान' म्हणजे मूठ. म्हणजे बागेत म्हातारी माणसं संथपणे करताना दिसतात तो प्रकार मुळात मुष्टियुद्धाचा आहे.

वूदांग पर्वतावरच्या चांग सानफेंग नावाच्या एका सिद्धपुरुषानं तो शोधला, अशी आख्यायिका आहे. इतिहास आपल्याला नेतो तो हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावापर्यंत आणि सतराव्या शतकापर्यंत. तिथे शिकून यांग लूचान (१७९९-१८७२) यांनी ही विद्या बीजिंगमध्ये आणली आणि त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला आजचं संथ, मोकळं, कुणालाही झेपेल असं रूप दिलं. १९५६ साली चीनच्या सरकारनं चोवीस हालचालींचा छोटा संच तयार करवला. बागांमधून दिसतो तो बहुधा हाच. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं ताईचीच्वानला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मग ऊर्जेचा 'ची' कोणता? त्या अक्षराच्या जुन्या रूपात खाली तांदूळ आहे आणि वर वाफ. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं की जे वर येतं ते. श्वास, वाफ, हवा, जीव, माणसाचा स्वभावसुद्धा, इतक्या गोष्टी त्या एका शब्दात बसतात. जपानी लोक त्यालाच 'की' म्हणतात आणि आपल्याकडे गल्लोगल्ली पोहोचलेल्या रेकीमधला 'की' तोच. आपण त्याचं भाषांतर 'ऊर्जा' असं करतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो, कारण ऊर्जा मोजता येते आणि ची मोजता आलेली नाही. 'प्राण' हा शब्द त्याच्या पुष्कळ जवळ जातो. पण तोही हुबेहूब नाही. प्राणायामात आपण श्वास धरतो, सोडतो, मोजतो. ताई चीच्या बहुतेक वर्गांत श्वासाचं नावही काढत नाहीत; हालचाल नीट झाली की श्वास आपोआप लांबतो, असं सांगतात. ताओवादी साधक बेंबीच्या खाली दोन-तीन बोटांवर एक स्थान मानतात आणि सगळी हालचाल तिथून निघावी असं शिकवतात. मी शिक्षकाच्या भाषेत सांगतो, शरीराचा गुरुत्वमध्य साधारण तिथेच असतो. ची आहे की नाही यावर मी वाद घालत बसलो असतो, पण लक्ष गुरुत्वमध्यावर ठेवून हला, या सूचनेशी माझं काहीच भांडण नव्हतं.

२०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे टोरांटोला गेलो. तिनं आईसाठी चौकशी करून ठेवली होती. १९७० साली मॉय लिन-शिन नावाच्या ताओवादी साधूंनी टोरांटोत एक ताई ची संस्था सुरू केली. जन्म १९३१ चा, दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातला. लहानपणी ते फार अशक्त होते आणि मठातल्या साधनेनं सुधारले, असं त्यांचे शिष्य सांगतात. पुढे ते हाँगकाँगला आले. तिथे कन्फ्यूशियस, बुद्ध आणि ताओ या तिन्ही परंपरांना एकत्र मानणाऱ्या मंडळींमध्ये त्यांची घडण झाली आणि १९६८ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'फुंग लॉय कोक' हे देवस्थान स्थापन केलं. कॅनडात त्यांनी १०८ हालचालींचा संच शिकवायला घेतला. १०८ म्हटल्यावर माझ्या पत्नीला जपमाळ आठवली आणि ती तिथेच निम्मी राजी झाली. मॉय १९९८ साली वारले. त्यांची परंपरा आज दोन डझनांहून अधिक देशांत चालते. तिथे पट्टे नाहीत, स्पर्धा नाहीत आणि शिकवणारे मानधन घेत नाहीत. हा शेवटचा मुद्दा अकरा हजार रुपये मोजून आलेल्या माणसाला लगेच जाणवतो.

सभागृहात शिरताना उजव्या हाताला देव्हारा होता. उदबत्त्या, संत्री आणि तीन मूर्ती. मध्ये स्वर्गाचा अधिपती जेड सम्राट, एका बाजूला आठ अमर सिद्धांपैकी लू दोंगबिन आणि दुसऱ्या बाजूला शुभ्र वस्त्रातली ग्वानयिन. कुणी नमस्कार करत होतं, कुणी थेट चपला काढून आत जात होतं. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

ग्वानयिनपाशी मी थबकलो. दरवर्षी विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी अजिंठ्याला जात असे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, किंचित झुकलेली मान, हातात निळं कमळ, तुम्हीही पाहिला असेल. तो अवलोकितेश्वर आणि ही ग्वानयिन एकच! कन्हेरीच्या ४१ व्या लेण्यात त्याचं अकरा मस्तकांचं रूप आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तो मध्ये उभा आहे आणि दोन्ही बाजूंना आग, चोर, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती अशा संकटांत सापडलेली माणसं त्याला हाक मारताहेत. भारतीय पित्याचा मुलगा असलेल्या कुमारजीवानं इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं, त्यात या बोधिसत्त्वाला जगाचे आवाज ऐकणारा या अर्थाचं नाव आलं. पुढे चीनमध्ये त्याची हळूहळू देवी झाली. आमच्या सह्याद्रीतला बोधिसत्त्व टोरांटोत, संत्र्यांच्या ढिगाऱ्यामागे, आईच्या रूपात भेटावा याचं मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

करुणा हा शब्द आपण फार उंचावर नेऊन ठेवतो. तिथे तो मला जमिनीवर दिसला, आणि तोही वर्गाच्या मांडणीत. ताई चीच्या संचात तुम्ही सतत दिशा बदलता. शिक्षक समोर उभा असेल तर तुम्ही वळल्यावर तो पाठीमागे जातो आणि नवखा माणूस गोंधळतो. म्हणून या परंपरेत अनुभवी मंडळी चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर उभी राहतात. कुठेही वळा, समोर कुणीतरी जाणता दिसतोच. मधली जागा नवख्यांची आणि दुबळ्यांची. म्हणजे ज्याला उत्तम येतं त्यानं कडेला जायचं. आमच्याकडच्या गाण्याच्या क्लासपासून भजनी मंडळापर्यंत कुठेही ही व्यवस्था पाहिल्याचं मला आठवत नाही.

तिला मध्ये उभं केलं. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी ऊर्जेबद्दल चकार शब्द काढला नाही. "हा पाय रिकामा, हा भरलेला," एवढंच सांगत होत्या. सगळं वजन एका पायावर आल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. पाण्यानं भरलेली कळशी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घ्यावी तसं वजन सरकवायचं, हिंदकळू द्यायचं नाही. मग पाऊल, मग कंबर, सर्वांत शेवटी हात. हालचालींची नावं मजेदार आहेत : चिमणीचं शेपूट धरणं, वाघाला डोंगराकडे नेणं, कोंबड्यासारखं एका पायावर उभं राहणं, ढगांसारखे हात फिरवणं. या शेवटच्या प्रकारात आडवं चालत वजन इकडून तिकडे नेत राहावं लागतं. तिथे तिचा पाय अडकला.

मी सवयीनं पुढे सरकणार, तेवढ्यात लक्षात आलं की पंचवीस-तीस माणसांचा तो अख्खा वर्ग मंदावला आहे. कुणी थांबलं नाही, कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, कुणी धीर देणारं काही बोललं नाही. चारही कोपरे फक्त सावकाश झाले, आणि त्यांच्याबरोबर सगळे. तिचा पाय सुटला तसा वर्ग पुन्हा मूळ लयीवर आला. ताओ परंपरेच्या मूळ ग्रंथात, म्हणजे 'ताओ ते चिंग'मध्ये, तीन ठेवी सांगितल्या आहेत : करुणा, काटकसर आणि जगाच्या पुढे न धावणं. मी ते नंतर वाचलं. त्या संध्याकाळी घरी जाताना ती फक्त म्हणाली, "अहो, तिथे कुणी मला 'लवकर' म्हणालं नाही." तो टोला मला होता.

यातलं विज्ञान किती? २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या संशोधकांचा अभ्यास आला. पार्किन्सनचे १९५ रुग्ण, त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट. एकाला ताई ची, दुसऱ्याला वजनं वापरून स्नायूंचा व्यायाम, तिसऱ्याला अंग ताणण्याचे साधे प्रकार. आठवड्यातून दोनदा, एक-एक तास, चोवीस आठवडे. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट दोन्ही गटांच्या पुढे गेला. पडण्याचं प्रमाण अंग ताणणाऱ्यांपेक्षा कमी झालं. पण वजनं उचलणाऱ्यांच्या तुलनेत ते सिद्ध होण्याइतकं कमी नव्हतं. हेही सांगायला हवं, कारण जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. रोग बरा झाला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. सगळे रुग्ण आपापली औषधं घेतच होते. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही : आपण पडतो ते बहुधा वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना, आणि ताई ची म्हणजे तासभर वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. ची न मानताही हे समजतं. ची मानल्यानं काही बिघडत नाही, जोवर कुणी गोळ्यांना हात लावत नाही.

एक शंका मात्र मला तिथेही होती आणि आजही आहे. अशा समूहांत गुरूंच्या आठवणी हळूहळू चमत्कार होत जातात. अमुक माणूस काठी टेकत आला आणि धावत गेला, या कथा चहाच्या टेबलावर ऐकल्या आणि मी सोडून दिल्या. चहानंतर मात्र सर्वांनी मिळून कप विसळले, फरशी पुसली, आणि ज्यांचे गुडघे वाकत नव्हते त्यांना फडकं देऊन टेबलं पुसायला बसवलं. कुणालाच रिकामं बसवत नाहीत.

आम्ही परत आल्याला बरीच वर्षं झाली. आजार पुढे सरकला, गोळ्या वाढल्या. सकाळी साडेसहाला इमारतीच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा जण जमतो. १०८ हालचाली आम्हाला येत नाहीत, पंधरा-वीस येतात. पत्नी मध्ये, बाकीचे कोपऱ्यांवर. माझा कोपरा पाण्याच्या टाकीजवळचा. शेजारच्या काकू ढगांचे हात फिरवताना हमखास उलट्या दिशेला जातात, आणि अलीकडे आम्ही सगळेच त्यांच्यामागून त्याच दिशेला जायला लागलो आहोत.